दिलावरसाठी निवडलेली दोन पुस्तकं

ता. ६ सप्टेंबर १९०८, रविवार. जुन्नर

आमचा धंदा कागद बनवायचा, पण लिहायचं म्हटलं की माझा हात जड होतो. तरी आजपासून टिपून ठेवायचं ठरवलं आहे. डाग पडलेले, कडा गेलेले ताव कुणी विकत घेत नाही, त्यांचीच ही वही शिवली. घरात आम्ही दखनी बोलतो, पण लिहायला मी मराठी शाळेत शिकलो, म्हणून लिहिणं मराठीत. सितारा म्हणाली, "वहीत काय लिहिणार? कागद खपत नाही, एवढंच ना?" बायको आहे, बोलणारच.

कागद खपत नाही हे मात्र खरं. गिरणीचा कागद आला आणि आमच्या मोहल्ल्यातले कागदाच्या लगद्याचे हौद एकेक करून कोरडे पडले. आता तीन चालतात. त्यातला एक कमरुद्दीन चाचांचा आणि माझा, सामाईक. अब्बा गेले तेव्हा धाकट्या दिलावरला पुण्याचं कॉलेज अर्ध्यावर सोडावं लागलं. तेवीस वर्षांचा आहे. गणितात इतका पुढे की त्याचे मास्तर अडले की त्यालाच फळ्यापाशी बोलवायचे. सध्या मंचरला एका आजारी मास्तरांच्या बदली शिकवतो आणि शनिवारी घरी येतो.

काल तो एक पत्र घेऊन आला. नगरकडचे एक अमेरिकन पाद्री साहेब त्याला पुण्यापासून ओळखतात. त्यांच्या देशातलं एक कॉलेज इकडचा एक मुलगा शिकायला नेणार आहे, सगळा भार त्यांचा. जानेवारीत नगरला परीक्षा. विषय दोन. एक कॅल्क्युलस नावाचं वरच्या पायरीचं गणित, आणि दुसरा अमेरिकेचं वाङ्मय. सोबत पुस्तकांची यादी आहे, तिच्यातून प्रत्येक विषयाचं एक निवडून तयार करायचं. दिलावरने पुण्याच्या दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे नाही. विलायतेहून मागवायचं तर बोट येईस्तोवर परीक्षा उरकलेली असेल.

"भाई, रद्दीत कधी कधी साहेबलोकांची पुस्तकं येतात," निघताना तो म्हणाला. त्याने एका तावावर दोन खुणा काढून दिल्या. एक उंच वाकडी रेघ, ती गणिताची. दुसरी इंग्रजी अक्षरांची रांग, ते अमेरिकेचं नाव. "असं काही दिसलं तर सगळंच बाजूला ठेव. मी येऊन निवडीन."

हा मुलगा इथून गेला पाहिजे. त्याने या हौदावर बसू नये. मला दुसरं काही नको आहे.

ता. २२ सप्टेंबर, मंगळवार

रमजान लागायच्या आत रद्दी भिजत घालायची, हा आमचा रिवाज. रोज्यात लगदा तुडवणं कुणाला झेपत नाही, तेव्हा महिनाभर ती भिजत पडते. आज कळंबचा रखमाजी गाडी घेऊन आला. हा माणूस वर्षानुवर्षं पुण्याची रद्दी आम्हाला आणतो, आणि आम्हाला नको असलेला गिरणीचा कागद वाण्यांना पुड्यांसाठी देतो.

"मेहबूबभाई, लई वझं हाय आवंदा," तो म्हणाला. "पुण्यात कोन इंजनेर सायेब वारलं, त्येंची बुकं हाईत."

पुठ्ठे आणि चामडं पुण्यातच काढून घेतलेलं. पहिली पानं गेलेली, नुसते शिवलेले गठ्ठे. मी सकाळपासून उकिडवा बसून निवडत होतो. अल्लाचं नाव किंवा श्रीकार असलेलं पान हौदात जात नाही, ते वेगळं काढून नदीत सोडतो. दुपारी वाकड्या रेघेची खूण सापडली. आणि एकदा नाही, दोनदा!

एक पुस्तक बारीक, जुनं. चिंध्यांचा कागद, हलवला की खणखणतो. जिभेचं टोक लावून पाहिलं, कागदाला दिलेली खळ अजून शाबूत. दुसरं चांगलं जाडजूड, पण कागद गिरणीचा, लाकडाच्या भुशाचा. कडा तपकिरी झालेल्या, कोपरा दुमडला तर तुटून हातात आला. माझं मन क्षणात ठरलं. वरच्या पायरीचं गणित कुणी शहाणा माणूस असल्या कागदावर छापणार नाही.

चाचा मध्ये आलेच. "ते बारीक हौदात टाक. चिंधीच्या कागदाने लगद्याला जोर येतो. पोराला पुस्तकच द्यायचं तर ते जाड दे."

"चाचा, दिलावरला मी भुसा वाचायला देऊ?" मी म्हणालो. शेवटी दोन दिवस त्यांच्या वाट्याचा लगदा तुडवून देईन असं कबूल केलं, तेव्हा त्यांनी पुस्तकावरचा हात सोडला.

अमेरिकेच्या नावाचे तीन गठ्ठे निघाले. दोन पुन्हा तसलेच भुशाचे, बारीक अक्षरांचे. तिसऱ्याचा कागद पाहून माझेच डोळे निवले. जाड, दुधी, समासाला भरपूर जागा. मधली काही पानं कुणी चित्रांसाठी फाडून नेलेली, पण मजकूर पुरा. तेच ठेवलं.

"ह्येबी ठिवा की, जाड बुक हाय," रखमाजी ते भुशाचं गणित दाखवत म्हणाला. मी हसलो आणि वाण्याच्या ढिगात टाकून दिलं. सगळंच ठेव असं दिलावर म्हणाला होता खरा, पण कागदाची पारख त्याला कुठे आहे?

ता. २६ सप्टेंबर, शनिवार

दिलावर आला. मंचरचे मास्तर बरे झाले, त्याची बदलीची जागा संपली. आता परीक्षेपर्यंत घरीच.

दोन्ही पुस्तकं मी स्वच्छ पुसून, नवे पुठ्ठे लावून त्याच्या हातात दिली. त्याने गणिताचं उघडलं, चार पानं चाळली. मग दुसरं उघडलं आणि बराच वेळ एकाच पानाकडे पाहत राहिला. आनंदाने माणूस गप्प होतो, तसा.

"आणखी काही होतं का, भाई?"

मी त्याला त्या भुशाची सगळी गोष्ट सांगितली, तुटका कोपरा हातात आला ती सुद्धा. चाचांशी कसा भांडलो तेही.

"ती कुठे गेली?"

"काही इथल्या वाण्याकडे, काही रखमाजीने कळंबला नेली."

"बरं," तो म्हणाला. मग माझा हात धरून म्हणाला, "फार चांगली निवडलीस." त्यानंतर लगेच मीठ आणतो म्हणून बाजारात गेला. घरात मीठ होतं.

ता. ९ ऑक्टोबर, शुक्रवार

दिलावर दिवसभर ते बारीक पुस्तक पुढे घेऊन बसतो, पण पान क्वचित उलटतो. खोल असणार.

आज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर मी हट्ट धरला की आम्हालाही अमेरिकेचं वाङ्मय ऐकव. तो नको नको म्हणत होता. मग वाचून मराठीत सांगू लागला, आणि मी थक्क झालो. सगळं सफरचंदांवर! एक लाल, उन्हाळा सरताना येणारं, साल इतकी नाजूक की प्रवास सोसत नाही. एक हिरवं, पिंपात भरून ठेवलं तर मार्चपर्यंत टिकतं आणि उशिरा गोड होतं.

"माझ्या सासूबाईंसारखं," सितारा म्हणाली. अम्मीला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हिची जीभ तशीच. मग म्हणाली, "पण रोज्यात असलं वाचू नकोस रे, तोंडाला पाणी सुटतं."

कवी मोठा तपशिलाचा दिसतो. प्रत्येक झाडाच्या शेवटी रोप किती उंचीचं घ्यावं, कोणत्या महिन्यात लावावं, हेही सोडत नाही. मी म्हणालो, "बघ, त्यांच्याकडे झाडावरही कसं प्रेमाने लिहितात." दिलावर तोंडावर हात ठेवून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग उठून बाहेर गेला. वाङ्मय अंगात भिनलं की असं होत असावं.

ता. २४ ऑक्टोबर, शनिवार

ईद दोन-तीन दिवसांवर आली. शीरखुर्म्यासाठी दिलावरला एक शेर साखर आणायला पाठवलं, तर हा पठ्ठ्या छटाक छटाकाच्या सोळा पुड्या घेऊन आला. हिंगाची पुडी वेगळी, जिऱ्याच्या दोन, आणि ओवा कुणी सांगितलाही नव्हता. परीक्षा तोंडावर आणि याला बाजारहाटाचा नाद लागला आहे. मी रागावलो. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

वाणी मला म्हणाला, "तुमचा भाऊ पुडीचा कागद निरखून घेतो. ही नको, ती द्या, म्हणतो." मला जरा बरंच वाटलं. कितीही शिकला तरी कागदी घराण्यातला आहे, हात कागदाकडे जाणारच.

ता. २७ ऑक्टोबर

ईद झाली. दिलावरने नवे कपडे घातले नाहीत.

ता. १९ नोव्हेंबर, गुरुवार

पोर वाळत चाललं आहे. पहाटे उठतो, दिवसभर लिहितो, खोडतो. विचारलं की म्हणतो, "गणित असंच असतं, भाई." हळदीची पुडी मी सोडायला घेतली तर सिताराने हातातून काढून घेतली. "तुम्ही फाडता. मी सोडते." पुडी सोडायलाही आता कसब लागतं म्हणे! या घरात मला कुणी काही सांगत नाही.

ता. ८ डिसेंबर, मंगळवार

आज जे पाहिलं ते लिहितो.

दिलावर नमाजाला गेला होता. त्याच्या बिछान्याखालची उंदराची खुडबुड ऐकून मी चटई उचलली. खाली दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलेली पानं होती. तपकिरी कडा, भुशाचा कागद. मी तो कुठेही ओळखीन. प्रत्येक पानावर पुडीच्या घड्या, कुठे तेलाचे डाग, कुठे हळद. हिंगाचा वास इतका की डोळे चुरचुरले. आणि पानापानावर ती वाकडी रेघ.

इंग्रजी आकडे मला येतात. एकतीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस, पुढे बावन्न, पुढे सत्तर. मधली पानं नाहीत. जिथे पान नाही तिथे त्याने आपल्या घरचा कोरा ताव लावला आहे, आणि त्या पानावर काय असेल ते स्वतः मांडत बसला आहे. खोडून, पुन्हा मांडून. असे किती ताव होते ते मी मोजले नाहीत.

सितारा दारात उभी होती.

"तुला ठाऊक होतं?"

"भिजलेली पानं चुलीच्या कडेला मीच वाळवते," ती म्हणाली. "तुम्ही दिलेल्या पुस्तकात सुरुवातीचंच गणित आहे. ते तो पुण्यात शिकून बसलाय. पाद्री साहेबांच्या यादीतलं होतं ते जाड."

"मग मला का नाही बोललीस?"

"त्याने मला शपथ घातली. तुम्ही त्या पुस्तकाला पुठ्ठा चढवत होतात, तेव्हाचा तुमचा चेहरा त्याला आठवतो म्हणे."

मी गाढव आहे. अब्बांनी मला कागद शिकवला आणि मी समजलो की सगळं शिकवलं.

ता. ११ डिसेंबर, शुक्रवार

काल रखमाजीच्या गाडीतून कळंबला गेलो. त्याने ती पुस्तकं ठकूबाई नावाच्या दुकानदारणीला दिली होती.

"त्यो कागुद? त्यो दिवाळीतच सरला की, पावणं," ती म्हणाली. "समदं गाव तिखट-मीठ न्हेतं. पुडी सोडली की चुलीत."

माझं तोंड पाहून तिला काय वाटलं कोण जाणे. तिने गल्ला सोडला, मला बरोबर घेऊन पाच-सहा घरं फिरली. "अगं, कुनाकडं वाकड्या रेगांचा कागुद हाय का? ह्येंचा भाऊ परीक्षंला बसतोय." एका घरात फडताळात अंथरलेली तीन पानं होती. एकीने देवळीतला दिवा उचलून खालचं पान दिलं, ते अर्धं तेलाने गेलेलं. सगळी मिळून नऊ पानं. आपल्या गावचंही कुणी इतकी खटपट करत नाही.

आज सकाळी ती दिलावरपुढे ठेवली. तो लगेच पानं आकड्यांप्रमाणे लावत बसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"निदान दुसरं तरी बरोबर निवडलं ना रे? ते सफरचंदांचं?" मी विचारलं.

"ते तर अव्वल आहे, भाई," तो म्हणाला. "यादीतलं सगळ्यात वरचं."

देवाने एवढी तरी लाज राखली.

ता. १६ जानेवारी १९०९, शनिवार

दिलावर आज नगरला निघाला. निघण्याआधी मी त्याच्याकडून वाङ्मयाची उजळणी करून घेतली. मला आता अर्धी सफरचंदं पाठ आहेत. गणिताची मात्र अजून निम्मी पानं नाहीत. नारायणगावच्या वाटेपर्यंत सोबत गेलो. चाचा म्हणाले, "बोटीत हराम-हलाल बघून खा." जणू तिकीट हातात आहे.

ता. २३ जानेवारी, शनिवार

परत आला. कसे गेले पेपर, विचारलं. "गेले," म्हणाला.

ता. २ मार्च, मंगळवार

पत्र आलं. दिलावरने अंगणात उभ्याने वाचलं आणि आम्हाला अर्थ सांगितला. निवड झाली नाही. वाङ्मयात पुरे गुण, गणितात मात्र थोडक्यात राहिला. "पुस्तकाचा दोष नाही, भाई. मीच दोन उदाहरणं चुकलो." मग पत्र घडी करून खिशात ठेवलं. सितारा आत जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच पुन्हा.

दोन उदाहरणं! मी त्या पुस्तकाची पानं पुड्यांना दिली, आणि हा म्हणतो मी चुकलो.

ता. १४ मार्च, रविवार

पाद्री साहेब दौऱ्यावर येडगावला उतरल्याचं कळलं. कुणाला न सांगता गेलो. वाङ्मयाचं पुस्तक बरोबर घेतलं. मनात होतं की सांगावं, पोराला हे तोंडपाठ आहे, पुरे गुण आहेत, गणिताची परीक्षा तेवढी पुन्हा घ्या, पानं गेली तो अपराध माझा.

साहेब तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मराठी स्वच्छ बोलतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची काहीतरी समजूत चुकली आहे. गणितात दिलावरइतकं कोणीच केलं नाही. वाङ्मयाची उत्तरपत्रिका त्याने कोरी दिली."

मी म्हणालो, ते कसं होईल? आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "हे घ्या. कुठूनही विचारा त्याला."

त्यांनी उघडलं. चार पानं पाहिली. मग मिटून मांडीवर ठेवलं.

"हे आमच्याकडच्या एका रोपवाटिकेचं यादीपुस्तक आहे," ते म्हणाले. "कलमं विकणाऱ्यांचं. कोणतं झाड मागवावं हे लोकांना कळावं म्हणून छापतात. कागद चांगला वापरतात, चित्रं असतात ना."

उगाच म्हणालो, "कागद चांगला आहे."

"यादीतली वाङ्मयाची दोन पुस्तकं माझ्या कपाटात होती. त्याने एक कार्ड टाकलं असतं तरी पाठवली असती. मी त्याला नगरला विचारलं, का लिहिलं नाहीस? तो म्हणाला, घरात एक पुस्तक आधीच आलेलं होतं. दुसरं टपालाने आलं असतं तर भाईला कळलं असतं."

मी विचारलं, पुढच्या वर्षी? ते म्हणाले, कॉलेज एकदाच नेणार होतं. दुसऱ्या मुलाची निवड झाली, तो एप्रिलच्या बोटीने जाईल. त्यांनी मला चहा दिला. तो मी प्यायलो की नाही ते आठवत नाही.

येताना सगळ्या वाटेवर मला दिलावरचा राग येत होता. इतका राग की समोर असता तर मारलं असतं. कुणी मागितली होती ही माया? मी मूर्ख ठरलो असतो, चार दिवस तोंड लपवलं असतं, आणि तो बोटीत बसला असता. माझी लाज एवढी मोठी होती का की तिच्यापायी सगळा जन्म द्यावा? घराच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा तो ओट्यावर माझी वाट पाहत होता. "कुठे होतास, भाई? जेवायचं थांबलोय," म्हणाला. राग कुठे गेला कळलं नाही. आत जाऊन त्याच्याबरोबर जेवलो.

ता. १६ मार्च, मंगळवार

येडगावचं मी त्याला सांगितलं नाही, सांगणारही नाही. मला कळलं हे त्याला कळलं, तर त्याने ज्यासाठी एवढं केलं तेही जाईल. एवढं एकच आता मला त्याला देता येण्यासारखं आहे.

चाचांचे गुडघे धरले आहेत, पाण्यात पाय सोडून बसवत नाही. आज सकाळी दिलावर काही न बोलता पायजमा वर खोचून त्यांच्या जागी हौदावर बसला. मी साचा कसा धरायचा ते दाखवलं. पहिले दोन ताव फाटले. तिसरा त्याने उचलला, पाणी निथळू दिलं, मनगट एकदाच हलवलं. कुठे गाठ नाही, कुठे जाड-बारीक नाही. असा ताव उचलायला मला दोन वर्षं लागली होती. गणित करणारं डोकं आहे, हातालाही मोजमाप कळतं.

चाचा खूश झाले. "बसला हात पोराचा!" म्हणून मोहल्ल्यात सांगत सुटले. दोन घरांतून माणसं बघायला आली, त्यांनी त्याची पाठ थोपटली. सितारा दारापर्यंत आली आणि मागे फिरली.

मी तो ताव वाळायला भिंतीला लावला. हात बसलेला कागदी मरेपर्यंत हौद सोडत नाही, हे मी लहानपणापासून पाहतो आहे.

"जमला का, भाई?" दिलावरने विचारलं.

मी म्हणालो, "जमला."